तलवार खांद्यावर टेकताना

क्रिस्पिनला आज माल्टातल्या व्हॅलेटाच्या जुन्या चर्चमध्ये खांद्यावर तलवार टेकवून 'नाइट' हा किताब देणार होते, आणि त्याची आई डोलोरा हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती. "खांद्यावर तलवार टेकतानाचा तेवढा एक फोटो पाठव रे वेन्झू," ती आपल्या फोटोग्राफर भावाला म्हणाली होती. "डोळे अधू झालेत, पण तेवढं बघेन. मग मी मोकळी."

तलवार एकदाच टेकणार होती. काढलेला फोटो थेट नर्सच्या फोनवर जाईल, असं वेन्झूने सकाळीच जोडून ठेवलं होतं.

तलवार खाली आली आणि घंटा वाजली. घंटा वाजली की मान खाली, हे वेन्झूच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. मान झुकली, कॅमेराही झुकला, बोट दाबलं गेलं. फोटोत आली नुसती फरशी: तिच्यात बसवलेली कुठल्याशा जुन्या नाइटची कबर, आणि कबरीच्या संगमरवरात कोरलेला सांगाडा.

"तिला दाखवू नका" म्हणून नर्सला सांगायला तो चर्चबाहेर धावला, तोच फोन वाजला.

"पोरगं किती वाळलं रे, वेन्झू," डोलोरा म्हणाली. "आज तरी त्याला पोटभर जेवायला घाल."