भैरवीनंतर

उल्हासरावांचं हृदय थांबलं, तरी उशाजवळच्या स्पीकरवर मारवा चालूच होता.

वाचा गेल्यापासून त्यांच्या कपाळावर एक पट्टी होती. मनात जे वाजेल, ते ती स्पीकरवर ऐकवायची. उल्हासरावांच्या मनात सदानकदा गाणंच असायचं, आणि मंदाताई महिनाभर ते ऐकत शेजारी बसून होत्या.

"काकू, बंद करू?" डॉक्टर हळूच म्हणाले. "आता फार तर मिनिटभर चालेल."

"थांबा. भैरवी झाल्याशिवाय हे कधी उठले नाहीत."

पोस्टातली नोकरी सांभाळून उल्हासरावांनी चाळीस वर्षं मंदाताईंना शेजारी बसवून मैफली ऐकल्या. स्वतः एक सूर लावला नाही. घरी परतताना मात्र हमखास विचारायचे, "मेल्यावरही हे ऐकू येत असेल का गं?"

"गेल्यावर कळवा," मंदाताई म्हणायच्या.

मारवा संपला आणि खरंच भैरवी सुरू झाली. मंदाताईंनी त्यांच्या गार तळहातावर ठेका धरला. आठ मिनिटांनी शेवटची सम आली आणि स्पीकर शांत झाला. मंदाताईंनी डोळे पुसले, डॉक्टरांकडे बघून मान हलवली.

डॉक्टर पट्टीला हात लावणार, तोच स्पीकरवर कुणीतरी तंबोरा जुळवू लागलं.

मंदाताई ऐकत राहिल्या. मग नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षं शेजारी बसवून घेतलंत, आणि आज आठवणीनं कळवलंतही."

त्यांनी स्वतःच्या हातानं स्पीकर बंद केला.

"पट्टी राहू द्या, डॉक्टर. ही मैफल त्यांची एकट्याची. आणि जरा हळू बोला. आत्ताच सुरू होतंय."