कानामागचा प्लग

अर्धांगवायूनं नितीनकाकांची वाचा गेली, तेव्हापासून ते कानामागच्या केबलमधून बोलत. मनातले शब्द केबल छातीवरच्या स्पीकरला पोचवी. रोज सकाळी स्वप्नालीकाकू ओवी गुणगुणत केबलचा प्लग लावत, आणि बोलणं मध्येच निसटू नये म्हणून लोणच्याच्या बरणीचं झाकण आवळावं तसा अख्खा प्लग पिरगळत.

आज स्पीकरमधून नुसती खरखर आली. यंत्र दुरुस्तीला तालुक्याहून आलेल्या तबस्सुमनं भिंगातून प्लग पाहिला.

"काकू, जात्याचा वरचाच दगड फिरतो ना? तसा बाहेरचा नट तेवढा फिरवायचा, प्लग घट्ट धरून. तुम्ही सगळाच फिरवलात, मधली पिन झिजली."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच गं यांचं बोलणं घालवलं?"

तबस्सुमनं नवा प्लग बसवला. खरखर थांबली.

"काका, पिन घासलेली तुम्हाला कळत असणार. सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घाबरून हिनं नर्स ठेवली असती," स्पीकरमधून काका बोलले. "सकाळी मानेला हिचा हात लागतो. त्यापायी झिजू देत पिना."

"पुरे आता चावटपणा," काकू म्हणाल्या. मग तबस्सुमनं बसवलेला प्लग त्यांनी सोडवला आणि तो घट्ट धरून नुसता नट हलक्या हातानं, अगदी सावकाश, पुन्हा फिरवायला घेतला.