मास्तरांची गल्ली

“क्लच हळू सोड,” मास्तर म्हणाले, आणि ताईंनी तो नेमका झटक्यात सोडला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

ताईंचं लक्ष क्लचवर नव्हतंच. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणून सारा गाव ज्याला ओळखायचा, तो त्यांचा धाकटा भाऊ यंदा पुन्हा निवडणुकीला उभा होता. आत्ता तो शेजारी पट्टा बांधून बसला होता आणि त्याला पळून जाता येत नव्हतं. दवाखान्यात आयुष्यभर पोरांना सुया टोचताना ताई एक गोष्ट शिकल्या होत्या. आधी धरायचं, मग बोलायचं.

थोड्याच वेळात वाचनालयात सभा होती. तिन्ही उमेदवारांनी लोकांसमोर उभं राहून सांगायचं, की प्रचारासाठी बड्या धेंडांचा पैसा घेणार नाही. साध्या घराला झेपेल तेवढीच वर्गणी घेऊ. ही कल्पना ताईंची, आणि तिच्यापायी चपला झिजवल्या त्याही ताईंनीच. औषधाच्या दुकानाच्या बाई तयार झाल्या, वकीलही तयार झाले, पण दोघांची अट एकच होती. तिघेही, नाहीतर कुणीच नाही. आपण हात बांधून घ्यायचे आणि तिसऱ्याने मोकळ्या हातांनी लढायचं, असला भाबडेपणा त्यांना नको होता. घोडं अडलं होतं ते घरच्याच माणसापाशी.

“हो की नाही, एवढंच सांग, बाळ्या.”

पन्नाशीच्या माणसाला बाळ्या म्हणणाऱ्या जगात त्या एकट्याच उरल्या होत्या. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, गेल्या वेळी कसा सपाटून पडलो ते तू पाहिलंस ना? चौकाचौकात समोरच्याचा चेहरा, आणि माझी पत्रकं लोकांनी कपाटात अंथरली. चांगल्या माणसाला लोक नमस्कार करतात, मत देत नाहीत, असंही म्हणाले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर त्यांना धास्ती वाटत होती. खडीच्या खाणमालकाचा माणूस तुझ्याकडे येऊन गेला असं कानावर आलंय, खरं का, त्यांनी शेवटी विचारलंच.

“आला होता. चहा पिऊन गेला.” मास्तरांनी पट्टा उगाच सैल केला. “देतो शब्द. सगळ्यांसमोर देतो. झालं समाधान?”

ताईंचा ऊर भरून आला. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, याचंही त्यांना कौतुक वाटलं.

ताई शाळेमागच्या गल्लीत वळल्या. ही गल्ली मास्तरांची. तोंडाशी ट्रकना बंदी असल्याची पाटी होती, ती त्यांनीच भांडून लावून घेतलेली. खाणीचे ट्रक तरीही वाट वाचवायला घुसायचे, आणि शिकवणीच्या गाडीतून मास्तर उतरले की ते ट्रक निमूटपणे मागे-मागे चौकापर्यंत जायचे. मास्तर आधी भांडण शिकवतात आणि मग गिअर, अशी त्यांची थट्टा व्हायची. पण शाळेत पोरं असलेली घरं त्यांच्यावर जीव टाकायची.

शाळा सुटायच्या बेताला होती. समोरून ट्रक आला, खडीने शिगोशीग भरलेला, अख्खी गल्ली अडवून. ताईंना ब्रेकच सापडेना. मास्तरांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला, आणि दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

मास्तर आता उतरतील म्हणून ताईंनी त्यांच्या दाराकडे पाहिलं. दार काही उघडलं नाही.

“रिव्हर्स टाक,” मास्तर म्हणाले.

“आपण?”

“टाक म्हणतो ना. जाऊ दे त्याला.”

ताईंनी भावाकडे पाहिलं. त्याने सैल केलेला पट्टा पुन्हा घट्ट ओढून घेतला होता.

“खाणवाल्याचे पैसे कधी घेतलेस?” ताईंनी विचारलं.

“घेतले म्हणून कोण म्हणतंय?”

शाळेची घंटा झाली. मग मास्तरांनीच खाली मान घालून सांगितलं. परवा घेतले. ते फलक छापण्यात गेलेसुद्धा. फलक लोकवर्गणीतून झाले म्हणायचं. सभेत शब्द दिला तर कुणाला पत्ता लागणार नाही, आणि ते दोघे मात्र बांधले जातील. निवडून तर येऊ दे, ताई, मग खाणीकडे बघून घेतो. ताईंना भावाचा संताप आला आणि स्वतःची लाज वाटली. ज्या दोघा उमेदवारांच्या पायऱ्या त्यांनी झिजवल्या, त्यांनाच आता त्या स्वतः सापळ्यात नेऊन सोडणार होत्या.

एवढ्यात ट्रक घरघरला आणि आपण होऊन मागे सरकू लागला. ड्रायव्हरच्या कानावर हा सौदा अजून आलेला नव्हता. मास्तरांची गाडी दिसली की मागे जायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. मास्तरांनी खिडकीतून हात काढून त्याला पुढे ये अशी खूण केली. ड्रायव्हर गोंधळला. त्याने ट्रक थांबवला, खाली उतरून आला आणि वाकून गाडीत डोकावला.

“मास्तर, बरं नाही का आज?”

ताईंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

“नाही रे बरं त्याला,” त्या म्हणाल्या. “आज सभेलाही येणार नाही तो.”