तासाचं शेवटचं वाक्य

“बाबा, फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नसताना फ्रेंच बाईला शिकवता?” भाजी निवडत वृंदाने टोमणा मारला.

“म्हणून तर तिला इंग्रजीतच बोलावं लागतं!” बाबा लॅपटॉपसमोर इंग्रजी शब्दांच्या कागदी पट्ट्या मांडत म्हणाले. फ्रान्सहून ऑनलाइन इंग्रजी शिकणारी ओडील ‘व्हेरी मच’, म्हणजे ‘फार’ची पट्टी हमखास क्रियापदाला चिकटवायची; बाबा ती वाक्याच्या शेवटी ठेवायचे. “ती सांगते, तिच्या भाषेत ती क्रियापदाला लागूनच बसते. गंमत आहे की नाही?” तास संपताना घरच्या माणसाबद्दल एक खरं वाक्य बोलायचं, हा त्यांचा नियम. त्या दिवशीही म्हणाले, “तूही बोल गं.”

“मला भाजी निवडायचीय.”

दुसऱ्या पहाटे बाबा झोपेतच गेले.

पंधरवड्याने वृंदाने ओडीलला कळवायला लॅपटॉप उघडला. बातमी ऐकल्यावर ओडीलने आपल्याकडच्या इंग्रजी पट्ट्या काढल्या. मग त्या कॅमेऱ्यासमोर लावल्या: सर मला आवडायचे. ‘फार’ची पट्टी तिने अगदी शेवटी ठेवली.

“आता तुमचं वाक्य,” ती म्हणाली.

वृंदा बाबांच्या खुर्चीत बसली. तोंडातून मराठीच निघालं.

“बाबा, भाजी केव्हाच निवडून व्हायची. मी तुमचा तास ऐकत बसायचे.”