रांगेच्या शेवटी

रविवारची प्रार्थना संपली. आमच्या काळ्यांच्या चर्चच्या दारात उभे राहून रेव्हरंड टॉलिव्हर एकेकाशी हात मिळवत होते. माझा नंबर आला, पण मी हात पुढे केला नाही.

"उद्यापासून थिएटरमध्ये आपल्याला गोऱ्यांच्या शेजारी बसता येणार, खरं ना?"

"खरं, अर्नेस्टीन. पण सुरुवातीला निवडक लोकच. तुरुंगात जाऊन आलेली मुलं मालकाला नकोत."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

रेव्हरंडांच्या शेजारी त्यांची लेक उद्या थिएटरला जाण्यासाठी घेतलेले नवे पांढरे हातमोजे घालून उभी होती. थिएटरसमोर तिकिटासाठी आम्ही रांग लावायचो, तेव्हा ती आमच्यासोबत एकदाही आली नव्हती.

तिकीट नाकारलं की भांडायचं नाही, रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभं राहायचं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. त्यापायीच तर आम्ही तुरुंगात गेलो.

"मला तिकीट मिळेल, रेव्हरंड?"

"थोडं थांब, पोरी."

मी भांडले नाही. दारातल्या रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिले.

माझा नंबर आला, तेव्हा रेव्हरंड चर्चचं दार लावून आत निघून गेले होते. थिएटरचा मालकही आम्हाला पाहून तिकिटाची खिडकी अशीच लावून घ्यायचा.