चिकट राहिलेला रॉड

धर्मराज नाखव्यांनी रॉडवरून अंगठा फिरवला आणि तो तिथेच चिकटला.

त्यांनी तो हळूच सोडवला. निळ्या धाग्यावरच्या थरात ठसा स्वच्छ उमटला होता.

"ओला हाय अजून," ते म्हणाले.

"सुकेल, चाचा. हवा दमट आहे ना," अदीब म्हणाला. मागच्या खेपेलाही त्याने हेच सांगितलं होतं.

खांदा कॉलनीतल्या घराच्या मागच्या खोलीत अदीब गळाच्या मासेमारीचे रॉड ऑर्डरप्रमाणे बनवून देई. दोरी ओवायच्या कड्या रॉडवर धाग्याने बांधायच्या आणि धाग्यावर इपॉक्सीचा थर द्यायचा. दोन बाटल्यांतली द्रव्यं एकत्र केली की तो थर काचेसारखा कडक होतो. या वेळी होत नव्हता. नेहमीची बाटली मिळाली नाही म्हणून त्याने दुसरी आणली होती.

नाखवा करंज्याचे. उभा जन्म समुद्रात गेला. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि जाळं सुटलं. हा रॉड त्यांच्या मुलीने, समृद्धीने, सांगितला होता. डाव्या हाताने पेलता येईल असा, लांब मुठीचा, मूठ काखेत दाबून धरता येईल असा.

वडिलांना रिक्षात बसवून समृद्धी परत वर आली.

"अदीबभाई, आज त्यांनी स्वतः दाढी केली. आजारपणानंतर पहिल्यांदा. आता खाली बसलेत आणि म्हणतायत, राहू दे, नशिबात नाय. मी त्यांना परत नाही आणू शकणार."

ती गेल्यावर अदीबने बाटली उचलली. ओघळांनी लेबल खराब झालं होतं. बोटाने घासून त्याने कंपनीचा नंबर वाचला आणि फोन लावला.

"हॅलो?" पलीकडून जाड, थकलेला आवाज आला.

"साहेब, तुमचं इपॉक्सी सुकतच नाहीये! मी पनवेलहून बोलतोय, अदीब. सगळं करून पाहिलं. एक म्हातारा माणूस वाट बघतोय हो या रॉडची. अल्ला कसम, मला काही सुचत नाहीये."

पलीकडे मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"रॉड म्हंजे, लोखंडी?"

"नाही हो, मासे धरायचा."

मग तो माणूस म्हणाला, "फोटो पाठवा. मी बघून उद्या सांगतो. आनंदा नाव माझा."

दुसऱ्या दिवशी फोन खरंच आला. "दोन्ही बाटल्या कशा मोजता तुमी?"

"नजरेने. सवय आहे मला."

"तितंच चुकतंय. ह्याच्यात नजर चालत नाय. दोन्ही अगदी सारखे पायजेत. सुईची पिचकारी घ्या, दोघांना वेगळी. आनि ढवळताना कपाच्या कडा खरवडा. कडेला कच्चा माल रातो."

"आणि आधीचा चिकट थर?"

"त्याचा इचारून, म्हंजे, बघून सांगतो."

आनंदाकाका घाई करत नसत. कधी म्हणत, थांबा, आज करून बघतो. ऊन द्यायचा उपाय फसला तेव्हा हसून म्हणाले, "आमचाबी फसला." मग त्यांनीच शेवटचा मार्ग सांगितला. चिकट थर प्लॅस्टिकच्या पट्टीने निगुतीने खरवडायचा, धाग्याला धक्का लावायचा नाही, स्पिरिटने पुसायचा आणि मोजून कालवलेला नवा थर द्यायचा. "आधी तुकड्यावर करून बघा. मग रॉडला हात लावा."

अदीबने तसंच केलं. सकाळी भीतभीत नख टेकवलं. टक् असा आवाज आला.

त्याने रॉड घेऊन थेट करंजा गाठलं. नाखवा भिंतीकडे तोंड करून पडले होते. रॉड हातात दिल्यावर त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि उठून बसले.

त्याच आठवड्यात समृद्धी एक भलामोठा जिताडा घेऊन दारात उभी राहिली. "बाबांनी एकट्यांनी ओढला. म्हणाले, पयला मासा अदीबला."

अदीबच्या अम्मीने, साबिराने, डोळे पुसले. "बेटा, यातला अर्धा त्या काकांचा आहे."

फोनवर आनंदाकाका कितीतरी वेळ आढेवेढे घेत राहिले. "कशाला येता? काय गरज हाय?" शेवटी पत्ता सांगितला. पळस्प्याच्या आत, विहिरीजवळचं घर.

अदीबला गोदाम दिसेल असं वाटलं होतं. पण ते कौलारू बैठं घर निघालं. पडवीत भिंतीला बांबूच्या कामट्या ओळीने टेकवल्या होत्या. प्रत्येकीवर धागा गुंडाळलेला, वर चकचकीत थर. कंपनीचे नमुने असावेत, असं त्याने मनाशी धरलं.

"ते बाजारात गेलेत, येतील आता," काकांची बायको गोदूबाई म्हणाली. "तुमीच अदीब ना? बसा. तुमचे लय उपकार झाले."

"माझे? काकू, उपकार काकांचे. एका माणसाला त्यांनी खाटेवरून उठवलं. एवढ्या मोठ्या कंपनीत असून माझ्यासारख्यासाठी इतका वेळ कोण देतं?"

गोदूबाईने जिताडा हातात घेतला, पण आत नेला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कंची कंपनी? ते रिक्षा चालवायचे, बाबा. रिक्षा सुटली तवापासून खाट सोडत नव्हते, कोनाशी बोलत नव्हते. तुमचा राँग नंबर लागला, त्या दिवशी फोन ठेवला नि माझ्याकडं चप्पल मागितली. म्हनाले, 'गोदू, इपॉक्सी म्हंजे काय असतंय गं?'"