साहेबांची फायनल

दयानंदने लोकरीचा मफलर गळ्याभोवती गुंडाळला, तेव्हा मस्कतमधल्या अल् घुब्राच्या त्याच्या फ्लॅटबाहेर भर सकाळी अंगाची काहिली होत होती. मफलर लाल-हिरवा होता. त्याच्या बॉसच्या, कॉलिनसाहेबांच्या, ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉल टीमचे रंग. त्याच्या बायकोने, सुलोचनाने, तो कपाळाला आठ्या घालत विणून दिला होता आणि आज ती क्लिनिकच्या ड्युटीवर निघून गेली होती.

"बाबा, आज माझी पण फायनल आहे," स्नेहल बूट बांधता बांधता म्हणाली. शाळेच्या खो-खोच्या टीममध्ये ती होती. "क्वार्टरला नाही आलात, सेमीला नाही आलात. आज पण जायलाच पाहिजे का?"

"जायलाच पाहिजे, बेटा."

"का?"

अकरा वर्षांच्या मुलीला चीफ इंजिनिअरची रिकामी खुर्ची कशी समजावणार? शाळेची बस आली आणि ती गेली.

सोहारच्या प्रोजेक्टवर ती खुर्ची रिकामी झाली आणि ऑफिसात एकाएकी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं प्रेम उफाळून आलं. त्याआधी या खेळाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. शनिवारी ऑस्ट्रेलियात दुपार, तेव्हा मस्कतमध्ये ऑफिस नुकतं उघडलेलं. साहेबांनी कॉन्फरन्स रूममध्ये मॅच लावली आणि "ज्यांना आवड असेल त्यांनी या," एवढंच म्हटलं. आवड नसलेला एकही माणूस पगारपत्रकावर सापडला नाही.

खेळ तसा सोपा होता. नारळासारखा लांबट चेंडू, प्रचंड मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब, आणि झेल घेण्यासाठी एकमेकांच्या खांद्यांवर चढणारे धिप्पाड पुरुष. नेम थोडा चुकला तरी एक गुण मिळतो, हा नियम सगळ्यांना लगेच समजला. ऑफिसात तसंच चालायचं. बाकीचं काहीच कळलं नाही. दयानंद पुण्याच्या शिरीषकडे बघून टाळ्या वाजवायचा आणि शिरीष साहेबांकडे बघून. पहिल्या शनिवारी साहेब खुर्चीत अस्वस्थ होऊन हलले, तेव्हा शिरीष आनंदाने उभा राहून ओरडला होता. गोल समोरच्या टीमचा निघाला.

फायनलला मात्र साहेब आलेच नाहीत. केबिनचं दार बंद, पडदे ओढलेले.

"टेन्शन आलंय त्यांना. आत एकटेच बघतायत," शिरीषने जाहीर केलं.

मग सगळ्यांनी टीव्हीकडे पाठ करून केबिनच्या दाराकडे तोंड केलं आणि घसे फोडले. इंजिनिअर ओरडले, अकाउंट्सवाले ओरडले. स्टोअरचे हुसैनमियाँ तर मफलर काढून झेंड्यासारखा फिरवत होते. टीम जिंकली. दार उघडलं नाही. "रडत असतील," शिरीष हळव्या आवाजात म्हणाला.

संध्याकाळी सगळा स्टाफ बौशरमध्ये साहेबांच्या व्हिलाच्या अंगणात जमला. आमंत्रणातच अट होती: प्रत्येकाने या सगळ्या मॅचेसमधला आपला आवडता क्षण सांगायचा. दयानंदने त्यासाठी नेटवर बसून चाहत्यांची पानं वाचली होती आणि एक झेल तोंडपाठ केला होता. अकरा नंबरचा खेळाडू, पाऊस, दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा. शिरीष पहिला उठला आणि त्याने तोच झेल सांगितला. पावसासकट.

दयानंदची पाळी आली तेव्हा त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं. गरजेने त्याला प्रतिभा फुटली.

"सर, माझा आवडता क्षण मैदानावरचा नाही," तो म्हणाला. "आज शेवटचा गोल झाला, तेव्हा तुमच्या केबिनमधून एक आरोळी ऐकू आली. ती मी आयुष्यात विसरणार नाही."

"मीही ऐकली," शिरीषने घाईघाईने जोडलं. आणखी चौघांनी ऐकली होती. हुसैनमियाँच्या तर अंगावर काटा आला होता.

कॉलिनसाहेब हातातला चिमटा शेगडीवर ठेवून गोंधळून बघत राहिले.

"पण मी आज ऑफिसात नव्हतोच," ते म्हणाले. "फायनल मला बघवत नाही, छाती धडधडते. मागच्या दाराने सटकलो. अल् घुब्राच्या भारतीय शाळेला आपण खेळांसाठी मंडप दिला होता ना, त्यांचं आमंत्रण होतं. तिथे जाऊन बसलो."

साहेबांनी चिमटा पुन्हा उचलून कोळसे सारले.

"आता माझा आवडता क्षण सांगतो. मुली जमिनीवर ओळीने बसल्या होत्या आणि एक बारकी पोर एकटीच त्यांच्यामधून पळत होती. अख्खी टीम तिच्या मागे. खेळ मला कळला नाही, पण शिट्टी होईपर्यंत तिला कुणी शिवू शकलं नाही. बाकीच्या मुली आपापल्या घरच्यांकडे धावल्या. ही पाणी प्यायला माझ्या शेजारी येऊन बसली. स्नेहल नाव तिचं."

शिरीषने पहिल्यांदाच कुणाकडे न बघता खाली मान घातली. गप्प बसणं सोपं होतं. ऑफिसात तेवढं तरी सगळ्यांना जमायचं. दयानंदने ग्लास खाली ठेवला.

"सर, ती माझी मुलगी."

कॉलिनसाहेब जवळ आले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मी तिला विचारलं, तुझे बाबा कुठे आहेत. म्हणाली, 'अंकल, ते ऑफिसात मॅच बघतायत. त्यांना त्या गेममधलं काहीच कळत नाही. पण त्यांच्या सरांचं इथे कुणी नाही ना, सरांना एकट्याने मॅच बघायला लागू नये म्हणून ते जातात.'"